आतोबांची बॅटरी, आत्याचा उजवा हात

जन्मभर वीज खात्यात लाइनमन म्हणून नोकरी करूनही विजेवर कवडीचा विश्वास नसलेला माणूस देवासात एकच, आणि तो नेमका आमच्या आत्याच्या नशिबी आला. आतोबा भर दुपारी दर्शनाला निघाले तरी खिशात टॉर्च असतो. लग्नकार्यात त्यांची नजर वधूवरांच्या आधी मांडवातल्या तारांवर जाते, आणि कुणी ओल्या हाताने बटणाकडे वळलं रे वळलं की पंगतीतून ओरडतात, "हात पुसा आधी! करंट किसी का सगा नहीं होता, भिया!" माझ्या लग्नात हे त्यांनी खुद्द माझ्या सासऱ्यांना ऐकवलं. सासरे अजून आतोबा दिसले की आधी हात पुसतात.

यंदा संक्रांतीच्या सुमारास आत्याला पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, बोलणंही सुधारलं, पण उजवा हात रुसून बसला. बोटांच्या व्यायामाला डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला, तो तिने दुसऱ्याच दिवशी डाव्या हाताने खिडकीबाहेर भिरकावला. "मी काय कुत्रं आहे चेंडूशी खेळायला?" मग आतोबांना आठवलं, की पूर्वी हातात धरून खेळायचा विटा रचण्याचा खेळ मिळायचा आणि त्यापायी आत्याने कितीदा तरी वरण करपवलं होतं. बस्स! बाजारातून आयता आणतील तर ते आतोबा कसले! घरीच करायला घेतला. छोटा पडदा, सहा बटणं, आतला प्रोग्राम, सगळं यूट्यूब बघून पंधरा दिवसांत जमवलं. घोडं अडलं ते बॅटरीपाशी.

काय सांगू, एवढी चौकशी आमच्या घरात जावई बघतानाही झाली नव्हती. बागली, पीपलरावां अशा आसपासच्या गावांहून मोडीतल्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या आणून त्यांनी आतले सेल काढले, एकेक मोजला आणि चिकटपट्टीवर शेरे लिहिले: 'बरा', 'आळशी', 'नुसता बोलघेवडा'. जोडीने बसवायचे दोन सेल तर पत्रिका जुळल्याशिवाय शेजारी ठेवायचे नाहीत. नव्यांवर भरवसाच नाही. मोबाइलवाला म्हणाला, "काका, ले लो, पूरे दस हजार एमएएच की लिखी है." आतोबा म्हणाले, "छापने को तो हमारी शादी की पत्रिका में मेरे आगे इंजीनियर छपा था, भिया!" चार्जिंगचं सर्किट नखाएवढं, पण बॅटरी भरली की ते आपोआप थांबलं पाहिजे, रिकामी होत आली की त्याने वीज तोडली पाहिजे आणि चार्ज होतानाही खेळ चालू राहिला पाहिजे. तीन बाद झाली, चौथं पसंत पडलं. शेवटी, ऐन डावात बत्ती गुल झाली तर काय, कमी पडायला नको, म्हणून चांगले दणकट चार सेल ठोकून बसवले.

आत्याने ते यंत्र डाव्या हाताने उजव्या हातात ठेवलं. हात खाली गेला आणि यंत्र मांडीवर पडलं. "अहो, हा खेळ आहे की वरवंटा?" म्हणून ती हसली आणि हसता हसता रडायलाच लागली. "माझा हात काही आता येत नाही हो परत." आयुष्यभर 'कमी पडायला नको' एवढंच बघितलेल्या माणसाच्या डोक्यात 'जड होईल' हे आलंच नव्हतं. मला त्या दिवशी त्या दोघांकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी चारही सेल बाहेर. आत बिस्किटाएवढी चपटी बॅटरी आली, जेमतेम पाऊण तास चालणारी. त्या बॅटरीला सोसेल इतकं चार्जिंगही मंद केलं. पाऊण तास! आतोबांनी! पण यंत्र आत्याच्या हातात राहिलं, पहिली वीट सरकली. मग दर महिन्याला हे गृहस्थ गुपचूप थोडी जड बॅटरी घालायचे. "आज जड लागतंय हो," आत्या म्हणायची. "भास आहे तुझा," आतोबा म्हणायचे. श्रावणात एक सेल झाला, पितृपक्षात दोन.

खंडेनवमीला आत्याकडे हत्यारांची पूजा असते. पाटावर पक्कड, मीटर आणि मधोमध ते यंत्र. झटका आल्यापासून आत्याने देवाला कुंकू वाहिलं नव्हतं; डाव्या हाताने वाहायचं नाही म्हणून सणवारी मला बोलवायची. त्या दिवशी मी वाटी उचलणार तोच म्हणाली, "थांब गं." ओल्या कुंकवात तिने उजव्या हाताचं बोट बुडवलं, हळूहळू यंत्रापर्यंत नेलं आणि टेकवलं ते नेमकं चार्जिंगच्या भोकावर. थेंब आत ओघळला. मी म्हटलं, आता ओरडणार! आतोबा मात्र चष्मा काढून धोतराच्या सोग्याने काच पुसत बसले होते.

सर्किट गेलंच. त्यांनी नवं बसवलं आणि चारही सेल पुन्हा घातले. आता आत्या पोळ्या लाटते, चादरी पिळते, खेळाला तिला वेळ कुठला? यंत्र फडताळात पडून असतं. आतोबा मात्र रोज संध्याकाळी ते खाली काढून चार्जिंगला लावतात. "खेळतंय कोण आता?" मी परवा विचारलं. ते स्वयंपाकघराकडे बघत हळूच म्हणाले, "असू दे गं. लागलंच कधी तिला, तर कमी पडायला नको."