मत्सराचं निदान

"हं, पुढचा पेशंट आत घ्या," असं म्हणत काकू चष्मा नाकावर चढवायच्या, की आमचं पुढचं प्रकरण सुरू. जन्म डॉक्टरकीत गेलेला. रिटायर झाल्या तरी कादंबरीतल्या एकाही पात्राला तपासल्याशिवाय सोडायच्या नाहीत.

अमेरिकेतल्या नोव्हाय गावातल्या आमच्या मराठी वाचनगटात ती जाडजूड फ्रेंच कादंबरी त्यांनीच आणली. बड्या सरदार घराण्यांच्या मेजवान्या, कुणाला बोलावलं, कुणाला टाळलं, आणि एका बाईपायी संशयाने पोखरलेला एक भला माणूस. मी तर कंटाळून गेले होते. काकू म्हणाल्या, "अगं, यात परकं काय आहे? आपल्या मंडळाच्या दिवाळी पार्टीला कुणाला वगळलं आणि त्यावरून काय रामायण झालं, ते आठव." मग मी ते पुस्तक चवीचवीने वाचलं.

त्या भल्या माणसावर मात्र त्यांचा भारी राग. "मत्सर म्हणजे रिकामटेकड्यांचा आजार. याला महिनाभर नाइट ड्यूटी लावा, ठणठणीत बरा होईल." आम्ही पोट धरून हसायचो. तुम्हीही हसला असता.

काका तेव्हा स्मृतिभ्रंशामुळे केअर होममध्ये होते. बायकोला ओळखत नव्हते. तरी काकू रोज दुपारी वरणभाताचा डबा घेऊन जायच्या. बर्फ असला की मी ड्राइव्ह करायचे. एकदा आत गेलो, तर काका जेवणाच्या टेबलापाशी एका अमेरिकन आजींचा हात धरून बसलेले. चेहरा कसा खुलला होता. काकूंनी डबा खाली ठेवला आणि सरळ नर्सकडे गेल्या. "यांचं टेबल बदला."

टेबल बदललं. काकांनी जेवण सोडलं. काकू भरवायला गेल्या की ते तोंड मिटून घ्यायचे आणि त्या आजींना शोधत इकडेतिकडे बघायचे. शेवटी एकदा गाडीत काकू म्हणाल्या, "माझा नुसता जळफळाट होतोय गं. या वयात. ज्यांना माझं नावही आठवत नाही, त्यांच्यावरून." मी हीटर वाढवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच टेबल पुन्हा पूर्वीसारखं करून घेतलं आणि मोठा डबा आणायला लागल्या. आजींना वरणभात आवडला. गटातलं वाचन त्याच खणखणीत आवाजात चालू राहिलं, फक्त त्या भल्या माणसाची थट्टा बंद झाली. "बिचारा," एवढंच म्हणायच्या.

हिवाळा सरता सरता काका गेले. त्यानंतर काकू वाचनाला आल्याच नाहीत. मी घरी गेले तर दाराला कुलूप. फोन केला, तर केअर होममध्येच होत्या.

मी तिथे पोचले. आजी दाराकडे डोळे लावून बसल्या होत्या आणि शेजारी काकू, त्यांचा हात आपल्या हातात धरून.

"अजून ह्यांची वाट बघतायत गं," काकू म्हणाल्या. "आणि माझ्याइतकी ह्यांची आठवण या आजींशिवाय दुसऱ्या कुणाला येतेय?"