वसंताचे शब्द, शालनचे आवाज

आत्याच्या बालवर्गात दुपारी काहीतरी घडतंच. घरी ते सांगायला मी तोंड उघडेपर्यंत दुसरं कुणीतरी बोलायला लागलेलं असतं. म्हणून मी सगळं गणिताच्या वहीत मागच्या बाजूने लिहून ठेवते. आता मागची पानं पुढच्या गणितांना येऊन भिडली आहेत!

वर्ग शिवाजी पेठेत, आमच्याच माडीवर भरतो. मुलं वीस, पण वही भरली ती दोघांनीच. वसंता सात वर्षांचा, शालन सहाची. दोघंही कुणाच्या डोळ्यांत बघत नाहीत, दोघंही एकटीच खेळतात. डॉक्टरांनी दोघांना एकच शब्द लावला, "मंद." आत्या म्हणाली, "या डॉक्टरांनी दोघांना पाच मिनिटं तरी ऐकलंय का?"

जूनमध्ये त्यांना मोठ्या शाळेत घालायचं होतं. हेडमास्तरांचा निरोप होता, मी स्वतः येऊन बघणार. बोलत नसेल ते मूल घेणार नाही. शालनची आई रोज जिन्यात आत्याला गाठायची. "घेत्यात न्हवं वो माझ्या पोरीला?"

* * *

वसंता दीड वर्षाचा असताना बोलायला लागला, तो थेट छापील. अख्खी गल्ली हाय-न्हाय बोलते, याला त्यातलं काही लागलंच नाही. एकदा त्याच्या आईने खालून हाक मारली, "वसंता, जेवलास न्हवं?"

"होय. परंतु भाकरी किंचित करपलेली होती!"

आई आत्याला म्हणाली, "बाई, ह्यो आमच्यात कुणावर गेलाय वो?"

* * *

शालन चार वर्षांची होईपर्यंत एक शब्द बोलली नाही. आता बोलते, पण दुसऱ्याचंच. हजेरीला आत्या म्हणते, "शालन?" ती म्हणते, "शालन?" तहान लागली की म्हणते, "पाणी पायजे का तुला?" आवाज हुबेहूब तिच्या आईचा.

एक मुलगा जिन्यावरून पडला. शालन भिंतीकडे बघत म्हणाली, "बघू, कुठे लागलं? काही नाही झालं हं."

सगळे माझ्याकडे वळले. आवाज माझा होता! महिन्यापूर्वी ती पडली होती, तेव्हा मी एवढंच म्हटलं होतं.

* * *

आत्याने कॅलेंडरवरचं पन्हाळ्याचं चित्र पुठ्ठ्यावर चिकटवून त्याचे वीस तुकडे केले. वसंताने तटबंदी, दरवाजे, धान्याची कोठारं, सगळं अर्धा तास सांगितलं. तुकडे मात्र दोनसुद्धा जुळले नाहीत.

शालनने मुकाट्याने वीसच्या वीस लावले, तेही पालथे, कोरी बाजू वर! आत्याने दोन मोठ्या पाट्यांमध्ये धरून ते उलटं केलं. किल्ला जागच्या जागी होता.

* * *

मुलांनी वसंताला फुटबॉलमध्ये गोलकीपर केलं, कारण नियम त्याला सगळे पाठ. चेंडू त्याच्या पायाजवळून आत गेला, हा हललाच नाही.

"आरं, आडवायचा की!"

"तो ऑफसाइड होता. जो गोल धरलाच जाणार नाही, तो अडवावा कशाला?"

* * *

शेवटी हेडमास्तर आले. वसंताला विचारलं, "गाईला पाय किती?"

"चारही शाबूत असल्यास चार."

"वकील होणार हा!" म्हणत त्यांनी फॉर्मवर सही केली. मग शालनला पुढे बोलावलं. तिची आई खाली जिन्याशीच थांबली होती.

हेडमास्तर खाकरले. "तुझं नाव काय?"

शालन खाकरली. "तुझं नाव काय?" तोच घोगरा आवाज.

"नीट उत्तर दे!"

"नीट उत्तर दे!" बोटसुद्धा तसंच उगारलेलं.

वर्ग खो खो हसला. हेडमास्तर लाल झाले. "कोण म्हणतं मंद? ही उद्धट आहे, उद्धट! माझी नक्कल करते! अशांना सरळ करायला मला चांगलं येतं!"

आत्याने हळूच फॉर्म पुढे सरकवला. "करा की मग सरळ. इथे सही."

तेवढ्यात वसंता उभा राहिला. "आपला गैरसमज होत आहे. ती वास्तविक..."

मी त्याच्या तोंडावर हात दाबला. सही होऊन शाई वाळेपर्यंत काढला नाही.

हेडमास्तर गेल्यावर शालनची आई धावत वर आली. आत्याने तिच्या हातात फॉर्म दिला आणि हेडमास्तर काय म्हणाले तेही सांगितलं. तिने शालनला कडेवर घेतलं आणि ती जी निघाली, ती भेटेल त्याला थांबवून सांगत सुटली, "मास्तरांनी बघितलं वो! म्हणालं, माझी पोरगी उद्धट हाय!"