तळ्यावरून परतताना घालायचं तेल

खलाशांना पोहता येत नव्हतं. गुडघाभर पाण्यात उतरायचं म्हटलं तरी ते आधी चार जणांना खोली विचारत. तरीही तळ्यावरची मंडळी त्यांना खलाशीच म्हणत, कारण त्यांची रिमोटवर चालणारी हातभर लांबीची लाल बोट पाण्यावर सुटली की बाकीचे आपापल्या बोटी काठाला घेत आणि तिच्याकडे बघत उभे राहत. आयुष्यभर त्यांनी इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्या. सुट्टीच्या दिवशी मात्र ते आणि ती बोट, आणि त्यांच्या मागून थर्मास आणि घडीची खुर्ची घेऊन त्यांची बायको. तिला सगळे वहिनी म्हणत.

वहिनी चष्म्याच्या दुकानात कामाला होत्या. काचा बसवायच्या, दांड्या वाकवायच्या, डोळ्यालाही नीट न दिसणारे स्क्रू चिमट्याने पकडायचे. त्यांना बोटीचं फारसं कौतुक नव्हतं. इंजिनाचा आवाज कान किटवणारा आणि धुराला एरंडेलाचा वास. लहानपणी नाक दाबून प्यायला लावलेलं एरंडेल नवऱ्याने इतक्या हौसेने जाळावं, याचं त्यांना नवल वाटे. पण एक गोष्ट त्या दर वेळी बघत. बोट काठाला आली की खलाशी कुणाशी बोलत नसत. आधी टाकीत उरलेलं इंधन इंजिनाला जाळू देत, ते आपणहून बंद पडेपर्यंत. मग थंड करणाऱ्या नळीत फुंकर मारून पाणी काढून टाकत. मग प्लग काढायचा, वरच्या भोकात पातळ तेलाचे थेंब सोडायचे, थोडं कार्ब्युरेटरमध्ये, आणि मागचं जड चाक हाताने फिरवून तेल आत सगळीकडे पोहोचवायचं. पिस्टन खाली आणून ठेवायचा आणि मगच चहा.

तेलाची बाटली वहिनींनीच दिलेली होती. डोळ्यांत घालायच्या औषधाची, दुकानातली, धुऊन वाळवलेली.

"माझे गुडघे इतकी वर्षं करकरताहेत," त्या एकदा म्हणाल्या होत्या, "त्यांना कधी तेल लावलंत का?"

"तुझे गुडघे मेथॅनॉलवर चालत नाहीत," खलाशी म्हणाले होते, आणि कुणी न विचारता समजावून सांगायला लागले होते. मेथॅनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. इंधनात मिसळलेलं नायट्रोमिथेन जळलं की मागे आंबट काहीतरी उरतं. दोन्ही मिळून आतल्या पोलादाला खातात. वहिनी हं हं म्हणत खुर्ची मिटत होत्या. त्यांनी ते भाषण इतक्या वेळा ऐकलं होतं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

ज्या दिवशी झटका आला, त्या दिवशीही बोट सुरेख पळाली होती. खलाशी खाली वाकले, प्लग काढला, बाटली उघडली आणि ती त्यांच्या बोटांतून निसटली. त्यांनी उचलली, पुन्हा निसटली. शेजारी उभा असलेला पेंटर हसून म्हणाला की आज हाताला तेल लागलंय वाटतं. पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा, खलाशांचा तळ्यावरचा कायमचा प्रतिस्पर्धी. वहिनींनी मात्र नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. एक बाजू उतरली होती. त्यानंतरचं त्यांना तुकड्यातुकड्यांनीच आठवतं.

बोट धाकट्या दिरांनी घरी आणली. भावोजी मायेचा माणूस. दादा परत येतील तेव्हा बोट चकचकीत दिसली पाहिजे म्हणून त्यांनी ती नळाखाली धरून आतबाहेर धुतली, पुसली, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून चिकटपट्टी लावली आणि माळ्यावर ठेवून दिली. प्लग उघडाच आहे, आत तेल पडलेलं नाही, हे त्यांना ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

खलाशी घरी आले ते उजवा हात मांडीवर ठेवून. बोलणं बरंचसं जागेवर आलं होतं, पाय घासत का होईना चालत होते, पण हाताला ते हातच लावत नसत. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी स्पंजचा चेंडू दिला होता. तो दाबायचा, बोटं उघडायची, परत दाबायचा. बाई समोर असेपर्यंत ते दाबत. बाईंची पाठ वळली की चेंडू खुर्चीखाली. जिन्यात गाठून बाईंनी वहिनींना स्पष्टच सांगितलं की हात आत्ता वापरला नाही तर पुढे तो असाच राहील, वेळ निघून चाललाय. वहिनी भाजी घेऊन वर आल्या.

वर आल्या तर खलाशी भावोजींना सांगत होते, बोट पेंटरला देऊन टाक. मला काय करायचीय आता?

पेंटर आला. त्याला बोट हवी होती, पण घेताना तो खाली मान घालून उभा होता. भावोजींनी माळ्यावरून गाठोडं काढलं, प्लास्टिक सोडलं आणि खोलीभर आंबूस वास पसरला. पेंटरने चाक फिरवून पाहिलं. हललं नाही. त्याने जोर लावला. तसूभरही नाही.

"जाम झालंय," तो म्हणाला. "पाना लावून एक हिसका देऊ का?"

"हिसका द्यायचा नाही," वहिनी म्हणाल्या. "आणि बोटही आज न्यायची नाही. बंद पडलेली वस्तू मी कुणाच्या घरी पाठवत नाही. फिरायला लागली की न्या."

खलाशी खिडकीकडे बघत म्हणाले, "गेलंय ते. सोड."

वहिनींनी सोडलं नाही. इंजिन बोटीतून काढायला त्यांना अख्खी सकाळ लागली. नळ्या कुठून कुठे जातात ते आधी कागदावर काढलं, मग एकेक सुटी केली. नवऱ्याला दोनदा विचारून पाहिलं. ते तोंड उघडायला तयार नव्हते. लेकीचा फोन आला, ती दूर राहते, तिचा जीव टांगणीला लागलेला. ती चिडूनच म्हणाली, "आई, तू बोट कसली घेऊन बसलीस? बाबांच्या हाताकडे बघ."

"हाताकडेच बघतेय," वहिनी म्हणाल्या, आणि फोन खांद्याला दाबून पुढचा स्क्रू काढला.

गंजलेला स्क्रू पिळला की त्याचं डोकं तुटतं, हे वहिनींना कुणी शिकवायला नको होतं. दुकानात रोज तेच काम. अडलेल्या वस्तूला वेळ द्यायचा, तेल द्यायचं आणि ऊब द्यायची. ऊब द्यायला दुकानात यंत्र होतं. चष्म्याच्या दांड्या मऊ करण्यासाठी गरम हवा फेकणारं. पण मेथॅनॉलची ज्योत उजेडात दिसत नाही, हेही त्या भाषणातलंच वाक्य. म्हणून आधी इंजिन मोकळ्या खिडकीत ठेवून पार सुकवलं, हातमोजे घालून पुसलं, नाक लावून वास घेतला. भीती त्यांना वाटत होतीच. भीती वाटली म्हणून काम थांबवायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

मग त्या इंजिन पिशवीत घालून दुकानात नेऊ लागल्या. जेवणाच्या सुट्टीत तिथे गिऱ्हाईक नसे. मालकांनी एकदा चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं की ही कुठली नवी फ्रेम. वहिनी म्हणाल्या, जड आहे, नाकावर बसत नाहीये. मालक पुन्हा आपल्या डब्याकडे वळले.

गरम हवा, गंज सोडवणारं तेल, मग फडक्यात गुंडाळून ठेवून द्यायचं. दुसऱ्या दिवशी परत तेच. चाकाला फक्त दोन बोटं लावायची, बाटलीच्या झाकणाला लावावा तेवढाच जोर. बरेच दिवस काहीच झालं नाही. भावोजी रोज विचारून जात आणि रोज तोंड पाडून जात. मग एका दुपारी, इंजिन हाताला चटका बसेल इतकं गरम असताना, चाक किंचित सरकलं. वहिनींनी ते पुढे रेटलं नाही. मागे आणलं, तेल सोडलं, पुन्हा पुढे. आतलं एरंडेल वाळून डिंकासारखं झालं होतं, ते उबेने सुटत होतं. सुट्टी संपायच्या आत चाक पूर्ण फिरलं. फिरताना मात्र आत वाळू असल्यासारखा आवाज येत होता.

मागचं झाकण उघडलं तेव्हा कारण दिसलं. आतल्या बेअरिंगवर गंजाचे तपकिरी ठिपके. संध्याकाळी भावोजींनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मी धुतलं म्हणून ना?" त्यांनी हळूच विचारलं. "दादांना ठाऊक आहे?"

वहिनींनी झाकण फडक्यावर ठेवलं. खरं लपवण्यात अर्थ नव्हता. "भावोजी, त्या दिवशी तुम्ही नसतात तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. बोट धुतलीत ती मायेनेच धुतलीत. आता याच मापाचं बेअरिंग शोधून आणा, म्हणजे फिटलं."

भावोजी गाव पालथं घालून घेऊन आले. बेअरिंगभोवतीचं धातूचं कवच तापवल्यावर जुनं बेअरिंग सुटून फडक्यावर पडलं आणि नवं जागेवर बसलं. इंजिन बोटीत गेलं, कागदावरच्या चित्राप्रमाणे नळ्या गेल्या. खलाशी पलीकडच्या खोलीत पेपर धरून होते. पान उलटल्याचा आवाज मात्र येत नव्हता.

आता प्रश्न उरला इंधनाचा. जुना डबा गॅलरीत अर्धा होता, पण झाकण सैल राहिलेलं. इतक्या दिवसांत त्याने किती ओलावा प्यायला असेल कोण जाणे. वहिनींनी तो बाजूला केला आणि पेंटरला निरोप पाठवला. पेंटर आपला डबा घेऊनच आला. खेळण्यातल्या गाडीचं इंधन होतं ते, पण त्यात नायट्रो भरपूर. गेले काही दिवस तो आपल्या बोटीत तेच घालत होता आणि बोट वाऱ्यासारखी पळते म्हणून सगळ्यांना सांगत होता.

"एकदम तिखट माल आहे, वहिनी. जुन्या इंजिनात जीव येईल."

"असं म्हणता?" वहिनी म्हणाल्या. त्यांनी टाकीचं झाकण उघडलं, नरसाळं लावलं आणि हात पुढे केला. "द्या मग."

पलीकडच्या खोलीत पेपर खाली पडला.

"त्यात तेल किती आहे?"

पेंटरने डबा फिरवून बघितला आणि आकडा सांगितला. पाय घासल्याचा आवाज आला. खलाशी दारात उभे राहिले, डाव्या हाताने चौकट धरून.

"गाडी जमिनीवर पळते आणि मध्येमध्ये दम खाते," ते म्हणाले. शब्द सावकाश येत होते, पण एकही चुकला नाही. "बोट सगळा वेळ पाणी रेटते. तिला जास्त तेल लागतं. एवढ्याशा तेलावर ते नवं बेअरिंग एका दिवसात भाजून निघेल. तुझ्याही बोटीचं वाटोळं करून घेशील लवकरच. नायट्रो कमी, तेल जास्त, एरंडेल मिसळलेलं. ते आण. आणि तू, इतकी वर्षं माझ्याबरोबर येतेस, काय ऐकत होतीस?"

"मला काय कळतं त्यातलं," वहिनी म्हणाल्या आणि नरसाळं काढून ठेवलं.

पेंटर एकदा वहिनींकडे, एकदा खलाशांकडे बघत डब्याचं झाकण लावत होता. जाताना जिन्यात त्याने भावोजींना विचारलं की वहिनी खरंच ओतणार होत्या का हो. भावोजींनी पुढे तोच प्रश्न वहिनींना विचारला. त्या म्हणाल्या, भांडी पुसून घ्या जरा.

योग्य इंधन घेऊन ते सगळे तळ्यावर गेले. पहिल्यांदा इंजिन दमाने चालवायचं, जास्त इंधन पाजत, पांढरा धूर निघेल इतकं. इंधन सोडणारी सुई किती उघडायची ते खलाशांनी सांगितलं, पेंटरने उघडली. इंजिन खोकलं, थांबलं, परत खोकलं आणि सुरू झालं. रिमोटची मूठ खलाशांच्या डाव्या हातात होती. त्यावरचं दिशा देणारं छोटं चाक उजव्या हाताने फिरवायचं असतं. पेंटर पुढे झाला आणि म्हणाला, मी वळवतो. खलाशांनी नाही म्हटलं. रिमोट वहिनींना धरायला सांगून त्यांनी उजवा हात डाव्याने उचलून चाकावर ठेवला. बोट वेडीवाकडी गेली, लव्हाळ्याला घासली, भलंमोठं वळण घेऊन परत आली. तळ्यावर कुणी हसलं नाही. कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत, ते बरं झालं.

बोट काठाला लागली. इंजिनाने टाकीतलं इंधन संपवलं आणि ते गप्प झालं. भावोजींच्या खांद्यावर फडकं होतं. "धुऊ का?" असं ते म्हणाले मात्र, तिघांनी एका दमात नाही म्हटलं. भावोजीही हसले.

पेंटरने नळीत फुंकर मारून पाणी काढलं, प्लग काढून दिला आणि तेलाच्या बाटलीकडे हात नेला. बाटली वहिनींच्या मुठीत होती. त्यांनी ती नवऱ्यासमोर धरली. उजव्या बाजूने.

"तू घाल," खलाशी म्हणाले.

"मला जमणार नाही."

"इंजिन सोडवलंस, आणि हे जमणार नाही?"

"नाही जमणार," वहिनी म्हणाल्या आणि बाटली तशीच धरून राहिल्या. हात भरून आला तरी खाली घेतला नाही. मदतीला सरकलेल्या भावोजींच्या हातात त्यांनी न बघता थर्मास दिला.

खलाशांनी बाटली घेतली. बोटं तिच्याभोवती हळूहळू मिटली. पहिला थेंब इंजिनावर पडला, दुसरा त्यांच्या पायावर. बाटली निसटली, गवतात गेली. वहिनींनी वाकून उचलली, पदराला पुसली आणि पुन्हा समोर धरली, त्याच बाजूने. पुढच्या खेपेला बाटलीचं टोक भोकाच्या कडेला टेकलं, थरथरलं, आणि थेंब आत गेला. मग अजून एक.

मग त्यांनी तोच हात इंजिनाच्या चाकावर ठेवला. चाक फिरायला वेळ लागला. सगळे उभे होते, चहा निवत होता.

"पिस्टन खाली आला?" वहिनींनी विचारलं.

"थांब," खलाशी म्हणाले. "अजून नाही."

वहिनी खुर्ची उघडून बसल्या.