ओली काडीपेटी

भूतखेत, करणी-बिरणी असलं कुणी सांगायला लागलं की मी उठून जाणारा माणूस. आजही तसाच आहे... पण हे तेवढं डोक्यातून जाईना, म्हणून लिहून राहिलो.

दुष्काळाचं साल. नवा जिल्हा होणार, आपलं अहमदपूर कुठल्या जिल्ह्यात जाणार, एवढ्याच गप्पा. प्यायला पाणी न्हाई. लिंबोटीच्या धरणाचं पाणी पार आत सरकलं, म्हणून बोटीवर पंप बसवलेला. मी ऑपरेटर, सोबतीला माझे सासरे. चहासाठी छोटी गॅसची टाकी होती. ती ते बोटीच्या मागच्या टोकाला, उघड्या वाऱ्यात बांधून ठेवायचे.

"मामा, उन्हानं तापतीय. खाली फळ्यांत ठेवू," मी म्हणायचो.

"न्हाई जावईबापू. गॅस जड, खाली बसतो. घराला दार असतंय, बोटीच्या तळाला न्हाई. ओलं पोतं टाका वरून."

एकदा चारचौघांत मी म्हणालो, "मामा, शाळा किती शिकलात?" त्यांनी टाकीची दोरी तेवढी आवळली. दिवाळीनंतर ते गेले. चैत्रात ऊन वाढलं आणि मी टाकी फळ्यांखाली सावलीत ठेवली — नळी तेवढी वर, शेगडीला.

त्या दुपारी लाइट गेलेली, पंप बंद, बोट काठाला. बायको, महादेवी, भाकरी घेऊन आली. वडील गेल्यावर बोटीवर पहिल्यांदाच. म्हणाली, "चहा टाकते." घाण वास येत होता, पण गाळात मासे मरून पडलेले, वास रोजचाच. खिशातली काडीपेटी तिला दिली. सकाळीच स्टँडवर घेतलेली, नवी.

"अहो, ही तर भिजलीय."

निथळत होती. तीन काड्या ओढल्या, गूल म्हणजे नुसता लगदा. माझा शर्ट कोरडा. त्याच खिशातलं एसटीचं तिकीट कोरडं, कडक. दुसरी काडीपेटी फळीखाली होती म्हणून फळी उचलली... आणि गॅसचा भपकारा तोंडावर आला. नळी उंदरानं कुरतडलेली.

टाकी बंद केली, महादेवीला हाताला धरून काठावर नेलं. काडी पेटली असती तर मीच तिला मारलं असतं, माझ्या शहाणपणानं.

संध्याकाळी टाकी मागच्या टोकाला, मामांच्याच दोरीनं बांधली. "चुकलो मामा," म्हणालो. ते होते तेव्हा कधी म्हणालो नव्हतो.

काडीपेटी कशी भिजली, आजही कळलं नाही. घाम म्हणाल, तर शर्ट कोरडा होता. महादेवी कारण विचारतच नाही. कुणाला ठाऊक असेल तर सांगा... नसेल तर निदान टाकी वर ठेवा.