वाळूच्या बादलीतली उदबत्ती

दिवाळीच्या आधी आमच्या नगरपालिकेत फटाक्यांच्या स्टॉलचे अर्ज यायचे आणि ते बघायचं काम माझ्याकडे होतं. परवान्यावर अटी छापलेल्या असत. दोन स्टॉलमध्ये अंतर, कापडी मंडप नको, पाण्याचं पिंप, वाळूच्या लाल बादल्या, जवळपास जळतं काही नको. टेप घेऊन मी मैदानात उतरले की भलेभले व्यापारी गडबडायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दुपारी शेवटची पाहणी होती. टोकाच्या स्टॉलवर एक नवरा-बायको होते. दोघं कष्टाळू, कागदपत्रं चोख. बाईनं नुकतीच पूजा मांडली होती. लक्ष्मीचा फोटो, लाह्या-बत्तासे, झेंडूचा हार. उदबत्ती लावायला काही मिळालं नाही म्हणून तिनं ती शेजारच्या लाल बादलीत रोवली होती. आग विझवायच्या वाळूत. बादलीलाही हळदकुंकू लावलं होतं. आमच्याकडे तराजूपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांची पूजा होते, बादली कशी सुटेल? मला हसूच आलं.

फुलबाज्यांचे खोके तिथून वीतभर अंतरावर होते. ते मी पाहिलं. विझवा म्हणावं, असं मनात आलंही. पण सणाच्या दिवशी लक्ष्मीपुढची उदबत्ती विझवायला सांगायचं कसं? तेवढ्यात तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं, हातावर बत्तासा ठेवला. बत्तासा तोंडात टाकून मी सही केली. सगळ्या अटी पाळल्या आहेत, असं त्या कागदावर लिहिलं होतं.

अर्ध्या तासाच्या आत स्टॉल पेटला. उदबत्ती वाऱ्यानं कलंडून खोक्यांवर पडली होती. बाई पाणी आणायला गेली होती, म्हणून वाचली. नवरा माल ओढायला आत शिरला. कोल्हापूरच्या दवाखान्यात तो महिनाभर होता. जीव राहिला, दोन्ही डोळे गेले.

चौकशीत बाईनं सांगितलं की मॅडम आल्या तेव्हा उदबत्ती जळत होती. मग मला विचारलं. नोकरीच्या भीतीनं मी म्हणाले, नव्हती. म्हणजे तिनं ती मी गेल्यावर लावली, असं ठरलं. सासरच्यांनीही तेच धरलं. सहीवाल्या मॅडमपुढे तिचं कोण ऐकणार?

पुढच्या वर्षीपासून परवान्यावर एक अट वाढली, स्टॉलमध्ये दिवा किंवा उदबत्ती लावू नये. ती ओळ मीच टाइप केली.

आता मी निवृत्त आहे. घरात उदबत्ती लावत नाही, दम्याचं कारण सांगते. तरी एखाद्या दुपारी, दारं-खिडक्या लावलेल्या असताना, तो वास येतो. मी खोल्याखोल्यांतून हिंडते, देव्हाऱ्यामागे बघते, पलंगाखाली वाकून बघते. कुठं काही नसतं. सून म्हणते, आई, काय हरवलंय? मी चष्मा म्हणते.

गेल्या पौर्णिमेला नृसिंहवाडीला गेले होते. दर्शनाच्या रांगेत पुढच्या बाईनं वळून बघितलं. तीच होती. नवऱ्याचा हात तिच्या खांद्यावर होता. मला पळून जावंसं वाटलं, पण मागे माणसं दाटलेली.

तिनं ओळखलं. घरचं विचारलं, गुडघ्यांचं विचारलं. मग नवऱ्याला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली, "ताई, सगळी म्हणत्यात मी उदबत्ती मागनं लावली. मला तर तुम्ही आलता तवाच लावल्याली दिसती. माझंच डोस्कं फिरलंय व्हय? तुम्हीच सांगा की."

नोकरी कधीच संपली होती. आता मला कुणाची भीती नव्हती. तरी तोंडातून तेच निघालं.

"मागनंच लावली असशील."

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट कोडं एकदाचं सुटल्यासारखी ती सैल झाली. "व्हय, तसंच असंल," म्हणाली. मग दर्शन करून बाहेर आल्यावर तिनं हातातली पुडी उलगडली आणि माझ्या कपाळाला अंगारा लावला.