ती राख मी धुतली

जामसिंगदादांना मी गोरं केलं होतं.

त्यांना न विचारता.

काल दुपारी ते गेले. सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय. कुणाला लागलं तर लागू दे.

दादा मोलगीच्या वरच्या पाड्यावरचे. आमचूर आणि भगर घेऊन तळोद्याला यायचे. अम्मीला आमचूर त्यांचाच लागायचा. ओट्यावर बसून चहा प्यायचे आणि पाड्यावरच्या सगळ्या बातम्या सांगून जायचे.

माझं तळोद्यात फ्लेक्सचं दुकान. अब्बा हाताने बोर्ड रंगवायचे. कुणाचा चेहरा काढायचा असला की आधी त्याच्या घरी जाऊन विचारून यायचे. मी कंप्युटरवाली. मला कुठे वेळ.

तीन वर्षांपूर्वी होळीला मी कॅमेरा घेऊन डोंगरात गेले. दादा बुध्या, म्हणजे होळीत नाचणारे, झाले होते. अंगभर राख, राखेवर तांदळाच्या पिठाचे ठिपके, कमरेला वाळलेले भोपळे, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप.

आपल्याला वाटतं, काय मस्त ड्रेस आहे!

ड्रेस नसतो तो. नवस असतो.

दादांची नात तीन वर्षांची झाली तरी चालत नव्हती. तिच्यासाठी त्यांनी पाच होळ्या बोलल्या होत्या. त्या दिवसांत खाटेवर झोपायचं नाही, चप्पल घालायची नाही, आणि नदीवर पूजा होईपर्यंत अंगाला पाणी लावायचं नाही. नात केव्हाच पळायला लागली होती. तरी दादा नाचत होते. बोललेलं पूर्ण करायचं असतं.

ती त्यांची पाचवी होळी होती. शेवटची.

"काढ फोटो," म्हणाले, "पण चांगला काढ."

चांगलाच आला. त्याच दुपारी एका कॉस्मेटिक्सवाल्या शेठचा फोन आला. होळी स्पेशल फ्लेक्स, अर्जंट.

मी काय केलं? दादांचा फोटो डावीकडे लावला. उजवीकडे तोच चेहरा, राख आणि ठिपके पुसलेला, चार शेड गोरा. वर ठळक अक्षरात: "होळीनंतर असा चेहरा? या आमच्याकडे!"

वीस मिनिटांचं काम. वर स्वतःच हसले. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स बस स्टँडसमोर लागला.

पुण्यातल्या माझ्या मित्रमैत्रिणींनी इंस्टाग्रामवर फ्लेक्सचा फोटो बघितला आणि आग लागली. रेसिस्ट, कलरिस्ट, लांबच लांब पोस्टी. शेठला टॅग. मलाही टॅग.

शेठला खरंच कळेना. "बेटी, त्यान्हामा काय वाईट शे? सण शे, गंमत शे. रंग लागस, धोवाई जास."

आमच्या गावात कुणालाच काही वाईट दिसलं नाही. धुळवडीला आपण सगळेच तोंड काळं करून फिरतो आणि संध्याकाळी साबण लावतो. मलाही त्याहून जास्त काही दिसलं नव्हतं. आणि मी तर आदल्याच दिवशी तिथे उभी होते!

आठवड्याने दादा दुकानात आले. बसले नाहीत.

मी पुण्याच्या पोस्टी वाचून तयार होते. म्हटलं, "दादा, सॉरी. तुम्हाला काळं दाखवून हसलो, चुकलंच."

"काळा तं मी हायेच, बेटी. त्यात काय चुकलं? पण माझी राख कोण धुतली?"

मग उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं.

फ्लेक्सचा फोटो मोबाइलवरून पाड्यावर पोचला होता, दादा नवसात असतानाच. पाड्याचा पुजारा आणि कारभारी निवाड्याला बसले. म्हणाले, नदीवर जायच्या आधीच याची राख तळोद्यात धुतली गेली. नवस तुटला. पहिल्यापासून कर.

पाच होळ्या. पुन्हा. गुडघे गेलेल्या माणसाने.

दादांना ना पोस्ट हवी होती, ना माफीनामा. "मोलगीच्या बाजारी ये. कारभाऱ्यांसमोर सांग, हे मशीनचं काम हाये, अंगाची राख तशीच व्हती. तेवढं बोल. ते ऐकतील."

एवढंच. एक दिवस, एक जीप, दोन वाक्यं.

शेठ म्हणाले, "मी मोलगीले जाऊ? दुकान बंद करीसन?" आणि इंस्टाग्रामवर इंग्रजीत माफी टाकली. आम्ही सर्व वर्णांचा आदर करतो वगैरे. पुण्यात टाळ्या वाजल्या. आपण जिंकलो म्हणे! दादांना फोन कुणीच केला नाही. तुम्हाला नक्की काय लागलं, हे एकानेही त्यांना विचारलं नाही. रागसुद्धा आपणच त्यांच्या वतीने ठरवून टाकला.

आणि मी?

मी म्हटलं, "दादा, ऑर्डर शेठची होती. मी फक्त डिझायनर." निवडणुकीचे फ्लेक्स होते हातात. पुढच्या बाजारी येते म्हटलं. तो पुढचा बाजार आलाच नाही.

दादा त्यानंतर तीन होळ्या नाचले. या वर्षी काठी टेकत. दोन राहिल्या.

आमचूर मात्र अम्मीला आणून देत राहिले. मला कधी एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आज सकाळी शेठचा फोन. दादांचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचाय, खाली दुकानाचं नाव.

"राखवाला फोटो नको लावू. तो साफवाला लाव. चांगला दिसस."

तीन वर्षं झाली. या माणसाला अजून काही म्हणजे काही कळलेलं नाही. मी फोन ठेवला. फ्लेक्स होणार नाही. बाहेरून करून घ्या, पण तो फोटो मिळणार नाही. साफवाली फाइल मी डिलीट केलीय.

दादांचा मुलगा म्हणतोय, बापाच्या राहिलेल्या दोन होळ्या मी नाचेन. त्याने का नाचायच्या? माझ्या वीस मिनिटांसाठी?

बारा वाजताच्या जीपने मोलगीला निघालेय. तिथून वरच्या पाड्यावर. आज सगळे कारभारी दादांच्या दारातच असतील. त्यांच्यासमोर उभं राहून सांगणार आहे की राख धुतली गेलीच नव्हती, ते माझ्या हातचं काम होतं.

ऐकतील की नाही, माहीत नाही. हाकलून देतील तर देऊ देत.

दादा, तुमच्या पाच होळ्या तेव्हाच पूर्ण झाल्या होत्या. हे सांगायला मी तुम्ही गेल्यावर निघालेय.

शेवटचा जोहार.