कांताबाई बॅटरीवाली

कांताबाईंची माझी पहिली भेट झाली ती मी खुनी म्हणून. देऊळगाव राजाच्या बसस्टँडमागे त्यांचं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. आमच्या नावेची बॅटरी खांद्यावरून वाहत आणून मी त्यांच्यासमोर ठेवली, तर त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बॅटरीची बुचं उघडली, आत टॉर्च मारला, एकेक बूच सावकाश परत लावलं आणि मग विचारलं, "कोनं मारली हिले?"

"मारली कुठं? आपोआप उतरते," मी म्हणालो.

"आपोआप नाही मरत बाप्पा बॅटरी. तिले मारा लागते. तुमी किती जनं होते ते सांगा फक्त."

पन्नाशी ओलांडलेली बाई. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, आणि ॲसिड उडून उडून त्या शर्टाची पार चाळणी झालेली. नवरा, प्रल्हादराव, गल्ल्यावर बसून बिलं लिहायचे. नवी गिऱ्हाइकं आधी त्यांच्याशीच बोलायला लागत. ते बिचारे न बोलता अंगठा मागे करून बायको दाखवत. हा धंदा कांताबाईंच्या वडिलांचा, चिखलीचा. लग्नात भांडी आली नाहीत तेवढी ही विद्या सोबत आली, असं त्या सांगायच्या. नम्रपणा हा प्रकार त्यांच्याकडे औषधालाही नव्हता. "चिखलीपासून जालन्यापावतर माह्यासारखी बॅटरी कोनाले समजत नाही," हे वाक्य त्या ओळख करून देताना नावाच्या आधी म्हणत. ते बरंचसं खरं असल्यामुळे ऐकणाऱ्याचीही पंचाईत व्हायची.

आता आमच्या नावेबद्दल सांगायला हवं. खडकपूर्णेवर धरण झालं, पाणी पसरलं आणि आमची वस्ती पाण्याच्या पलीकडे राहिली. देऊळगावला रस्त्यानं जायचं तर वळसा घालून निम्मा दिवस जातो. नावेनं विडी विझायच्या आत माणूस अलीकडे. लोखंडी नाव, कुठल्यातरी दुसऱ्या धरणावरून जुनी घेतलेली, आणि तिला एका म्हाताऱ्या ट्रॅक्टरचं इंजिन. चालवायला रामदास. मी नावेच्या कमिटीचा सेक्रेटरी. म्हणजे भाजीपाला पिकवून उरलेल्या वेळात लोकांची बोलणी खाणारा माणूस.

कांताबाई नाव बघायला आल्या, पण काठावरच उभ्या राहिल्या. "वर वढा तिले. मंग पाहू." आम्हाला वाटलं, कारागिराची पद्धत असेल. पंधरा माणसं लावून नाव वर ओढली. आत शिरून त्यांनी बघितलं आणि बाहेर डोकं काढून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "हे नाव हाय का पंगत बे? जो येते तो ताट मांडून राह्यला!"

खोटं नव्हतं. त्या एका बॅटरीवर प्रवाशांचे मोबाइल चार्ज होत. शेतकरी आपापले फवारणीचे पंप जाता-येता तिलाच लावत. भजनी मंडळाचा स्पीकर होता, रामदासचा पंखा होता. आणि वस्तीवर लाइट गेली की रामदास ती बॅटरी सोडवून घरी नेई, कारण त्याच्या बायकोची मालिका बुडता कामा नये. सकाळी इंजिन सुरू करायला सेल्फ मारला की ती बिचारी एकदा कण्हायची, बस.

कांताबाईंनी सगळे धागेदोरे उपटले. जुना डायनामो काढून अल्टरनेटर बसवला, जाड वायर ओढली. ट्रॅक्टरला असते तशीच जोडणी केली: एक वायर जाण्यासाठी, आणि परतीचा करंट लोखंडाच्या अंगातून. त्या उन्हाळ्यात नाव एका हाकेत सुरू व्हायची. कांताबाईंनी ही बातमी देऊळगावात येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवली.

मग श्रावण आला. बाजाराचा दिवस होता. माझी माय सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या आणि भेंडीची टोपली घेऊन नावेत बसली होती. माय स्वतःचा माल स्वतः विकायची, व्यापाऱ्याला कधी दिला नाही. देऊळगावचा बाजार हे तिचं दुसरं माहेरच होतं. पाण्याच्या मधोमध मासेमारीचं जाळं नावेखालच्या पंख्यात गुंतलं. रामदासनं इंजिन बंद करून जाळं कापून काढलं, पुन्हा सेल्फ मारला, आणि नुसतं कट् वाजलं. पुन्हा मारला, पुन्हा कट्. वारा जोराचा होता. त्यानं नाव ढकलत बुडालेल्या बाभळींमध्ये नेली, एका खोडावर ती तिरकी झाली आणि कडेवरून पाणी आत आलं. थर्माकोलच्या तराफ्यांवरचे मासेमार दोर घेऊन धावले म्हणून सगळे वाचले. माय कमरेपर्यंत भिजून घरी आली. सांबाराच्या जुड्या पाण्यावर तरंगत राहिल्या होत्या, तेवढंच ती सांगत होती. शेवटी म्हणाली, "आता त्या नावेत मी पाय नाही टाकत."

आणि तिनं टाकला नाही. भेंडी तोडायची, पोत्यात भरायची आणि आमच्याकडे न बघता घरात निघून जायची. बाजार सुटला तसं तिचं बोलणंही सुटलं. घरात माणूस असून नसल्यासारखं होणं काय असतं, ते मी तेव्हा बघितलं. नावेची वायर जोडता येते, मायचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

कमिटीची बैठक बसली. नाव भंगारात काढा, असं निम्म्यांचं म्हणणं पडलं. कांताबाईंना कोणी बोलावलं नव्हतं, त्या आल्या. आल्या त्या थेट काठावर ओढून ठेवलेल्या नावेत शिरल्या आणि तळातला एक बोल्ट खोलून घेऊन आल्या. त्यावर चढलेला गंज त्यांनी नखानं खरडला. तो त्यांच्या तळहातावर तांबड्या मातीसारखा पडला.

"इथून करंट परत येत होता. आता येत नाही, गंजानं वाट अडवली. ट्रॅक्टर वाळते बाप्पा, उन्हात उभं राह्यलं का वाळते. नाव कधी वाळत नाही. म्या नावेले ट्रॅक्टर समजली. चूक माही हाय."

चिखलीपासून जालन्यापर्यंतची ती बाई हे बोलते आहे, यावर आमचा विश्वास बसेना. एकानं विचारलं, "मंग ज्यानं चूक केली त्याच्याच हाती परत काऊन द्याची?"

"चूक म्या केली, म्हून ते कुठी हाय ते मलेच ठाव हाय. दुसरा येईन तो पयले शोधत बसन."

मला हे बोलणं इतकं आवडलं की सेक्रेटरीपदाचा जन्मात पहिल्यांदा उपयोग करून मी भांडलो, आणि काम पुन्हा त्यांनाच मिळवून दिलं.

या वेळी त्यांनी सगळं मुळापासून बदललं. जाणारी वायर वेगळी, येणारी वेगळी. लोखंडाच्या भरवशावर काहीच नाही. सगळे जोड पाण्यापासून वर, माणसाच्या छातीच्या उंचीला. बॅटऱ्या दोन. एक फक्त इंजिनासाठी, लाकडी पेटीत कुलूप लावून. दुसरी दिवे, मोबाइल आणि फवारणी पंपांसाठी, तिला छपरावर सोलर प्लेट. रामदासला पेट्या दाखवून त्यांनी बजावलं, "हे देवघर आन् हे ओसरी. पाव्हने ओसरीवर बसतीन. देवघरात कोनी गेलं तर मले सांगजो, मी त्याची पूजा करीन." रामदासच्या बायकोनं मालिकेसाठी शेवटी घरचा इन्व्हर्टर घेतला. तोही कांताबाईंकडूनच.

नाव पाण्यात उतरली, पण चढायला कोणी तयार होईना. माणसं काठावर उभी राहून एकमेकांना म्हणत, तू हो पुढं. तेव्हा कांताबाईंनी चपला काढून हातात घेतल्या आणि फळीवर पाय ठेवला. मी हात दिला तर त्यांच्या तळव्याला घाम सुटलेला. मग माझ्या डोक्यात उजेड पडला: या बाईनं आजवर प्रत्येक वेळी नाव वर का ओढायला लावली होती ते.

"तुमाले पान्याचं भेव लागते?" मी हळूच विचारलं.

"लय. लहानपनी हिरीत पडली होती. जास्त बोलू नको, नाव काढ म्हना त्याले."

देवघराच्या पेटीवर बसून, डोळे घट्ट मिटून त्या पलीकडे गेल्या आणि परत आल्या. उतरल्यावर काठावर उलटी केली, तोंड धुतलं आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी पुन्हा येईन. पानकळा सरतवर पयल्या फेरीले मी राहीन." आणि राहिल्या. रोज जीपनं काठापर्यंत यायच्या, पेटीवर बसायच्या, डोळे मिटायच्या. लोक आधी त्यांना बघायला येत, मग हळूहळू शेजारी बसायला लागले. दसऱ्यापर्यंत नाव पहिल्यासारखी भरून वाहू लागली. कोणी कौतुक केलं तर म्हणायच्या, "मले सांगू नका, मले ठाव हाय." उलटी मात्र शेवटपर्यंत चुकली नाही.

फक्त माय आली नाही. कांताबाई पलीकडे पोहोचल्या की फेरी परत निघेपर्यंत आमच्या घरी येऊन बसत. चहा पीत, भेंडीचे भाव विचारत. नावेत चला असं त्या मायला एकदाही म्हणाल्या नाहीत. मीच एकदा चिडून म्हणालो, की तुम्ही सांगितलं तर ती ऐकेल. त्यांनी मला दारापर्यंत ओढत नेलं. "भेव असं सांगून जात नाही बे. मी पान्यावर किती दिस झाले बसून राह्यली, गेलं का माहं? मावशीले तिच्या टायमानं येऊ दे." पावसाळा संपल्यावरही त्या अधूनमधून यायच्या. दोघी ओट्यावर बसून काय बोलायच्या कोण जाणे, पण त्या गेल्यावर माय थोडी बोलती व्हायची.

गेल्या वर्षी माघात प्रल्हादरावांचा फोन आला. दुकानातच, हातात टॉर्च असताना कांताबाई बसल्या जागी कलंडल्या होत्या. मातीला संध्याकाळच्या आत नेणार होते. रस्त्यानं गेलो असतो तर तोंडही दिसलं नसतं. मी धोतर-टोपी करून काठावर आलो तर निम्मी वस्ती आधीच नावेत बसलेली. दोर सोडणार तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, थांबा.

माय येत होती. हातात सांबाराची एक जुडी, बाकी काही नाही. मी तिला चल म्हटलंच नव्हतं. म्हणायची हिंमतच झाली नव्हती. ती फळीवर थांबली, पाण्याकडे बघितलं आणि चढली. देवघराच्या पेटीवर लोकांनी जागा करून दिली. तिथं बसून तिनं पेटीची कड दोन्ही हातांनी धरली आणि डोळे मिटले. तिचे ओठ पांढरे पडलेले मला दिसत होते. मला रडू आवरेना.

मधल्या पाण्यात वारा लागला, नाव हलायला लागली. रामदासनं मागे वळून विचारलं, "हळू घेऊ का मावशी?"

"काऊन हळू?" डोळे न उघडता माय म्हणाली. "तिनं जोडेल हाय हे. पळव."

आम्ही वेळेत पोहोचलो.